हेल काढायला बाई पाहिजे

सत्तरी उलटल्यावर मला अमेरिकेत रडायचं काम मिळालं. नातीच्या ओळखीने मिळालं. आणि त्याच सुमारास मला कळलं, की माझ्या मुलाचं बिऱ्हाड डेट्रॉइटजवळचं ट्रॉय सोडून तिकडे पार पश्चिमेला, बॉथेलला चाललंय आणि त्या बिऱ्हाडात मी नाही.

आधी बिऱ्हाडाचं सांगते. यजमान गेल्यापासून मी मुलाकडे राहते. खालच्या मजल्यावर, कपडे धुवायच्या मशीनशेजारची खोली. त्या दिवशी सून आणि मी इंडियन ग्रोसरीतून परत येत होतो. पुढच्या सीटवर तिच्या ऑफिसच्या पार्टीच्या समोशांचा ट्रे होता, म्हणून मी मागे. मुलाचा फोन आला. हल्ली फोन गाडीच्या भिंतींतून बोलतो, हे सर्वांना ठाऊक असतं आणि ऐनवेळी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

"अगं, ते सिनियर अपार्टमेंटवाले परत विचारतायत," सगळी गाडी भरून माझा मुलगा म्हणाला. "आईची जागा होल्ड करायची का? तू तिला सांगितलंस का मूव्हचं?"

"मी ड्राइव्ह करतेय," सून म्हणाली. "आई गाडीत आहेत."



"ओके," मुलगा म्हणाला. "दूध घेतलंस?"

दूध घेतलं होतं. घरी आल्यावर ते फ्रीजमध्ये ठेवलं गेलं, समोसे झाकले गेले आणि त्या विषयावरही तेच झाकण बसलं. मग पुढच्या दिवसांत एकेक गोष्ट माझ्या कानावर अशी टाकण्यात आली, की जणू मला ती आधीपासून माहीतच होती. सुनेला तिकडे बायोटेकमध्ये मोठी जागा मिळाली होती. मुलगा काय, घरूनच काम करतो, त्याला गाव कुठलंही चालतं. "अहो आई, तिकडचं टाउनहाउस तीन मजली आहे हो," सून म्हणाली. "जिनेच जिने. तुमचे गुडघे... आणि इथे तुमची माणसं आहेत. त्या अपार्टमेंटमध्ये गुजराती आहेत, तेलुगू आहेत, गुरुवारी भजन असतं."

मी आयुष्यात कधी गुरुवारी भजन केलेलं नाही. इतर वारीही केलेलं नाही.

मला बॉथेलला जायचं होतं का? मुळीच नाही. तिथे म्हणे सदा आभाळ भरलेलं असतं. पण कोणी मला "आई, येतेस का?" असं विचारलं असतं, तर मी पदर सावरून, जरा वेळ घेऊन, "नको रे बाबांनो, तुम्ही सुखाने जा" असं म्हटलं असतं. ते वाक्य मी मनात तयार करून ठेवलं होतं. ते म्हणायचा मान माझा होता. विचारलंच नाही, तर नाही कशाला म्हणणार?

घरात एक कुत्रा आहे. त्याला मात्र विचारलं. म्हणजे त्याला विमान मानवेल का, असं त्याच्या डॉक्टरला विचारलं. नाही मानवणार म्हणाला. तेव्हा सगळ्यांनी गाडीनेच जायचं ठरलं.

आता रडण्याच्या कामाचं. माझी नात इथल्याच विद्यापीठात शिकते आणि हॉस्टेलवर राहते, त्यामुळे या बदलीत तिचं काही हलत नव्हतं. लहानपणी आम्ही हौसेने शिकवलेलं व्हायोलिन ती हल्ली हनुवटीखालून काढून छातीला टेकवून वाजवते. तसं वाजवलं की त्याला फिडल म्हणायचं. गावातल्या एका हौशी नाटकमंडळीने आयर्लंडच्या दुष्काळावर संगीत नाटक बसवायला घेतलं होतं, त्यातलं संगीत हिच्याकडे होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे बटाटा शेतातच सडला, माणसं उपाशी मेली, उरली ती जहाजांत कोंबून इकडे आली, अशी गोष्ट.

"आमच्याकडे बटाटा उपासाला लागतो," मी म्हटलं. "यांचा बटाटाच गेला, मग उपास सोडायचा कशावर?"

"आजी, दॅट्स नॉट फनी."

"नाहीच आहे."

ती म्हणाली, लोक मरत असताना आयर्लंडमधून धान्याची जहाजं भरभरून बाहेर जात होती. जहाजातल्या धान्याचं मला कोणी सांगू नये. बहात्तरच्या दुष्काळात बार्शीला आमच्या, म्हणजे शाळामास्तरांच्या घरी अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खात होतो. भाकरी थापली की कडेने फाटायची. मी तेव्हा कॉलेजात, डोक्यात तत्त्वांचा धूर. त्या भाकरीचा घास हातात धरून मी वडिलांना ऐकवलं होतं, की ज्यांची ज्वारी अशी, त्यांच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. चार वर्षांनी डेट्रॉइटच्या इंजिनियरचं स्थळ आलं आणि तत्त्वं चुलीत घालून मी पासपोर्टचे फोटो काढायला पळाले. फोटोतही हसले होते. फोटोवाल्याने दोनदा सांगितलं, बाई, हसू नका.

नाटकात एक प्रसंग होता. घरातलं कोणी अमेरिकेला निघालं, की आदल्या रात्री आयरिश लोक त्याचं सुतक पाळायचे. जिवंतपणी. मेलेल्या माणसाजवळ जसं जागत बसतात, तसं त्याला मध्ये बसवून सगळा गाव जमायचा. गाणं, नाच, दारू आणि मग रडणाऱ्या बायका. कारण गेलेला परत येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध घालतो, तसंच म्हणा. फक्त इथे ते आईने घालायचं.

मला ही पद्धत एकदम पटली. निदान सरळ तरी आहे. मी निघाले तेव्हा सांताक्रूझ विमानतळावर भर मे महिन्यात अंगात जाड लोकरी कोट घालून उभी होते. कोट बॅगेत मावत नव्हता, हे एक कारण, आणि तो लोकांना दिसावा, हे खरं कारण. घामाने निथळत होते आणि ऐटीत होते. आई डोळ्यांना पदर लावायला लागली, तर मी म्हटलं, "आई, लोक बघतायत. दोन वर्षांत येतेच आहे." घामाने भिजलेल्या त्या ध्यानाकडे लोक बघत होते ते वेगळ्याच कारणाने, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. आणि दोन वर्षांचं तर काय. तेव्हा इथे आलेल्या आम्हा सगळ्यांचीच दोन वर्षं अजून चालू आहेत.

नाटकाच्या दिग्दर्शिकेची एकच अडचण होती. हेल काढून रडणारी म्हातारी तिला मिळत नव्हती. ती शाळेत शिकवणारी, पन्नाशीची, तांबूस केसांची बाई. तिचे पूर्वज त्याच जहाजांतून आलेले. तिने बऱ्याच जणींना रडवून पाहिलं. नात सांगत होती, एक बाई रडायच्या आधी सॉरी म्हणाली. दुसरी अशी रडली, की जणू गाडीची किल्ली आत राहून दार लागलंय. अमेरिकन बाई टिपकागदाने डोळ्यांच्या कडा टिपते, काजळ फिसकटू न देता. तिच्याकडून हेल कसा निघणार?

"माय आजी कॅन डू इट," नातीने सांगून टाकलं होतं.

आता हिला काय माहीत, की आजीने आयुष्यात एकदाही हेल काढला नव्हता. बार्शीला आमच्या मागच्या गल्लीत बायका काढायच्या. मयताच्या उशाशी बसून, डोलत, त्याचे गुण गायच्या. गुण गाता गाताच सुनेला एक टोमणा, भावकीला एक चिमटा. "माझ्या राजा रे, तुझ्या औषधाला गाडी नव्हती रे, मयताला मात्र तीन गाड्या आल्या." त्या वेळी कोणी कोणाला अडवायचं नाही, असा नियमच. रडणारीच्या तोंडाला हात लावत नसत. आम्ही मास्तरांच्या पोरी भिंतीवरून ऐकायचो, तर आई कान धरून खाली उतरवायची. आपल्यात असं रडत नाहीत.

मग मी तशीच रडले, आपल्यातल्यासारखी. आई गेल्याचा फोन आला तेव्हा न्हाणीघरात शॉवर सोडून रडले. हे गेले तेव्हा फ्यूनरल होममधल्या त्या बिस्किटाच्या रंगाच्या गालिच्यावर उभी राहून, येणाऱ्या प्रत्येकाला "थँक यू फॉर कमिंग" म्हणत रडलेच नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, काकू किती स्ट्राँग आहेत.

नटीपणा मात्र अंगात होता. तरुणपणी मंडळाच्या गणपतीत मी स्वतः नाटक लिहिलं होतं, परदेशी निघालेल्या मुलीवर. नायिका अर्थात मी. शाळेच्या कँटीनमध्ये चादरींचा पडदा लावून, हातात सूटकेस घेऊन मी इतकं लांब स्वगत म्हटलं, की तोपर्यंत मागच्या बाजूला पुऱ्या तळून झाल्या आणि प्रेक्षक वासाच्या दिशेने माना वळवून बसले. त्या नाटकात आईचंही काम होतं. पण आईच्या कामाने नाटकाचा वेग मंदावतो, म्हणून तालमीत मी ते कापत कापत एका वाक्यावर आणलं. "पोचल्याचं पत्र टाक." ते वाक्य म्हणणाऱ्या बिचाऱ्या बाईला मी वर अभिनयही शिकवत होते.

दिग्दर्शिकेने मला हॉलच्या मध्यभागी उभं केलं. निघालेल्या मुलीचं काम करणारी उंच मुलगी खुर्चीवर बसलेली. मी डोळे मिटले, भिंतीवरून ऐकलेलं आठवलं आणि आवाज सोडला. माझा मलाच धक्का बसला. रडणारी बाई अशी गावभर पसरलेली होती माझ्या आत, आणि मी तिला मशीनशेजारच्या खोलीत ठेवलं होतं.

दिग्दर्शिकेच्या हातावर काटा आला. तिने बाही वर करून सगळ्यांना दाखवला.

"शब्द मात्र मला इंग्रजी म्हणता येणार नाहीत," मी म्हटलं. इंग्रजीत हेल निघत नाही, तो चढायच्या आत वाक्यच संपतं.

"इंग्रजी नकोच," ती म्हणाली. आयरिश तिच्या मंडळीत कोणालाच येत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. "तुमच्या भाषेत म्हणा. दुःख एकच आहे." कार्यक्रमपत्रिकेत माझ्या प्रसंगासमोर छापलं होतं, 'पारंपरिक विलाप'. कोणाची परंपरा, ते छापलं नव्हतं.

म्हणजे पाहा. भरल्या सभागृहात, दिव्याखाली उभी राहून मी वाटेल ते बोलायला मोकळी होते. कोणाला कळणार नव्हतं. फक्त दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या दोघांना कळणार होतं. त्यांची तिकिटं नातीने काढून ठेवली होती.

मी तयारीला लागले. मशीन लावायचं, दार लोटायचं आणि रडायचं. कुत्रा दाराबाहेर बसून साथ द्यायचा. अडचण वेगळीच आली. आमच्या घरातलं मराठी तुम्हाला माहीत आहे. मूव्ह होतोय, पॅक केलं, सोफा शिप करतोय. हे शब्द जर हेलात आले, तर सगळं सभागृह कान टवकारणार, की आयर्लंडच्या झोपडीत सोफा कुठून आला. तेव्हा प्रत्येक वस्तूला मराठी शब्द शोधणं आलं. पन्नास वर्षांत जे मराठी मी बोलले नव्हते ते वडिलांची आठवण काढकाढून जमवलं. सोफा झाला लांब आसन. फ्रीज झाला बर्फाचं कपाट. वडील असते तर त्यांनी भाषेला पैकीच्या पैकी दिले असते आणि आशयाला छडी.

पहिला प्रयोग शनिवारी. फिडल थांबलं, आयरिश लोकांचा बकऱ्याच्या कातड्याचा डफ तेवढा मंद वाजत राहिला. डोक्यावरून काळी शाल घेऊन मी खुर्चीवरच्या त्या मुलीभोवती फिरू लागले.

"माझ्या लेकी गं, तीन मजल्यांचं घर घेतलंस गं, माझ्या गुडघ्यांचं मोजमाप काढून घेतलंस.

लांब आसन निघालं गं, बर्फाचं कपाट निघालं, कुंडीतली तुळसही निघाली गं, कुंडीला पाणी घालणारी तेवढी राहिली.

श्वानाची प्रकृती वैद्याला विचारलीस गं, आईची इच्छा कोणाला विचारलीस?

माझ्या लेका रे, गाडीच्या भिंतीतून तुझा आवाज आला रे. आईच्या पाठोपाठ दुधाची चौकशी आली रे.

मी नाहीच म्हटलं असतं रे राजा, तू विचारायचं होतंस."

लेकीसाठी सुरू केलेला हेल अर्ध्यात लेकावर कसा गेला, ते मला कळलं नाही. शेवटची ओळ तर तयारीत नव्हतीच. ती म्हणताना माझा आवाज फाटला. मिलोच्या भाकरीसारखा, कडेने.

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येत होते. दुसऱ्या रांगेकडे मी पाहिलं. सून मांडीवरच्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत होती. घडीवर घडी. मुलगा माझ्याकडे बघत होता. लहानपणी घसा लाल झाला की डॉक्टरसमोर असंच तोंड करायचा, उघडू की नको.

मग जहाज आलं, वादळ झालं, अर्धी माणसं मेली आणि उरलेल्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उभं राहून आशेचं गाणं म्हटलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवट गोड असतो कारण तिकीट काढून येणारे हे पोचलेल्यांचे नातू असतात. मागे राहिलेल्यांचे नातू कशाला तिकीट काढतील?

बाहेरच्या दालनात एका पांढऱ्या केसांच्या बाईने माझे दोन्ही हात धरले. तिची आजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याची. "ही भाषा मी लहानपणी तिच्या तोंडून ऐकली होती," ती रडत म्हणाली, "परत कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "यू आर वेलकम." बार्शीच्या मागच्या गल्लीच्या वतीने.

नात धावत आली. तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं, जेवलीस का, पाणी दे, एवढं. "आजी, इट वॉज सो ब्यूटिफुल. श्वान म्हणजे काय?"

"राजहंस," मी म्हटलं.

सुनेने फुलं दिली. मुलगा म्हणाला, "छान झालं, आई. आवाज आहे अजून तुझा." घरी येईपर्यंत गाडीत रस्त्यांच्या कामाविषयी बोलणं झालं. मी कपडे बदलून चहा टाकायला आले, तर मुलगा बर्फाच्या कपाटाला टेकून उभा होता.

"आई," तो म्हणाला, "म्हणजे, तुला तिकडे यायचं असेल, तर आपण... बघता येईल काहीतरी."

बघता येईल काहीतरी. अशी वाक्यं मी ओळखते. मीही टाकलेली आहेत, निळ्या एरोग्रॅमच्या कागदांवर, बार्शीच्या पत्त्यावर. वचन न देता दिल्यासारखी दिसणारी अशी वाक्यं लिहायला मी या मुलाआधी शिकले होते. पण त्याला ते सांगून काय उपयोग? तो विचारत नव्हता. विचारल्यासारखं करत होता.

"उद्याचा प्रयोग दुपारचा आहे," मी म्हटलं. "जेवण झाल्यावर मला सोडशील ना?"

त्याने सोडलं. आत आला नाही. सुनेला पॅकिंग होतं. दुसऱ्या रांगेत त्यांच्या जागी एक जाडसर जोडपं पॉपकॉर्न शोधत बसलं होतं. मी शाल डोक्यावर घेतली आणि समोर बघितलं, तर सगळ्या सभागृहात मला समजणारं एक माणूस नाही. ज्याला टोमणा कळायचा तोच नसेल, तर टोमणा मारायचा कोणाला?

तेव्हा त्या दिवशी मी साबुदाण्याच्या खिचडीची कृती रडले.

"साबुदाणा भिजव गं लेकी, वर बोटभर पाणी ठेव गं. बटाटा बारीक चिर गं, जिऱ्याची फोडणी कर गं. कूट हात राखून घालू नकोस गं बाई, झाकण लवकर काढू नकोस." आवाज तोच, हेल तोच, फाटायचा तिथे फाटला. लोक आदल्या दिवसापेक्षा जास्त रडले. दिग्दर्शिका विंगेत डोळे पुसत म्हणाली, आज तुम्ही कालच्यापेक्षाही खोल गेलात. बटाट्यावर आवाज चढला होता खरा. आयर्लंडच्या लोकांसाठी तेवढंच माझ्याकडून.

ते निघाले त्या सकाळी मी सिनियर अपार्टमेंटमध्ये राहायला येऊन आठवडा झाला होता. निरोप घ्यायला ते गाडी घेऊन तिथेच आले. मी दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली. दोघांनी वाकून नमस्कार केला. नात हॉस्टेलवरून आली होती, हातात फोन धरून. "आजी, कॅन यू डू द थिंग? जस्ट अ लिटल? आय विल रेकॉर्ड."

"प्रयोग संपले," मी म्हटलं.

गाडी टपापर्यंत भरलेली होती. बॅगा, उशा, इन्स्टंट पॉट, कुंडीतली तुळस. मागच्या उरलेल्या जागेत कुत्रा, पट्टा लावून बसवलेला. मुलगा स्टिअरिंगवर बसला, गाडी सुरू केली, काच खाली केली. माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला, "येतेस का?"

आपल्याकडे पाहुणा पायात चपला घालून जिन्यावर पोचला, की मागून म्हणतात, जेवूनच जायचं होतं. तसंच होतं ते. पण आवाज त्याचा बदलला होता, हेही खरं. सून पुढे बघत होती. मी मागच्या सीटकडे पाहिलं. कुत्र्यानेही माझ्याकडे पाहिलं आणि जरासा सरकला. त्या गाडीत सरकलेला तो एकटाच.

मी पदर सावरला. जरा वेळ घेतला. इतके दिवस तयार ठेवलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि आता ते शिळं लागलं.

"पुढच्या खेपेला," मी म्हटलं.

मुलाने मान हलवली. काच वर गेली.

आयरिश बायका म्हणे वळणापर्यंत मागे चालत जायच्या. माझे गुडघे पार्किंगच्या रेघेपाशी थांबले. गाडी कोपऱ्यावरच्या स्टॉपच्या पाटीशी पोचली, आणि बंद काचेआडून कुत्र्याने गळा काढला. इथपर्यंत ऐकू येत होता. हेल चांगला होता. माझ्या दाराशी बसून शिकला होता तो. दम थोडा कमी पडत होता.